मुका मार

...नाही जी, तुमी बसा, तुमीच बसा, मले बसाची काही हौस नाही, मले आतून बाहेर काढलं हाय. हो, बाहेर काढलं. डॉक्टरीनबाईनं. येवढीशी पोरगी हाय ती, माह्या पोरीच्या, मोनालीच्या वयाची असन, चष्मा वर केला अन् म्हनते, "काका, तुम्ही जरा बाहेर बसा, मला पेशंटशी बोलायचंय." आता तुमीच सांगा भाऊ, पेशंटचा नवरा कोन? मी. अंजनगाव सुर्जीहून पहाटच्या बसनं तिले अकोल्याले घेऊन कोन आला? मी. थैलीत फाइल, एक्स-रेचे जुने फोटो, पान्याची बाटली, चार संत्री, सारं धरून कोन हाय? मी. अन् बाहेर कोन? मी. काहून? तं म्हने ती माह्या बायकोले, माणिकबाईले इचारते, "मावशी, इथं दाबलं तर दुखतं का?" अन् मी म्हनलं, नाही. झालं, येवढाच माहा गुन्हा. पुन्हा इचारते, "मावशी, अंगठा हलवताना दुखतं का?" मी म्हनलं, थोडं थोडं दुखते, पन लय नाही. तं पेन खाली ठेवला बाईनं अन् माह्याकडं पाहून म्हनते, "काका, हात कोणाचा आहे?"

आता याले काय उत्तर द्याव? तीस वरीस झाले लगनाले, तिचं सारं मीच सांगतो. रेशनच्या दुकानात मी सांगतो, बँकेत मी सांगतो, मोनालीच्या सोयरिकीत बी मीच सांगितलं. सवय हाय जी, दुसरं काही नाही. अन् खरं सांगू का, त्या सवयीनंच आज आमी इथं हाव, नाही तं फुलंवाल्या मानसाचं अकोल्याच्या हाडाच्या दवाखान्यात काय काम... मी म्हनलं होतं ना, मुका मार हाय. मीच म्हनलं होतं.

तुमाले तं मालूमच हाय मुका मार म्हंजे काय. रगत नाही, फूट नाही, वरून काही दिसत नाही, मार आतल्या आत. लोक म्हनते, मुका मार हाय, जाईन दोन दिवसात. अन् जाते बी हो, लय वेळा जाते. हा नाही गेला.

आज प्लास्टर काढलं तिचं. दहा आठवड्यानं. आता फोटो काढाले नेलं, तो फोटो पाहून सांगनार, हाड जुळलं का नाही. मनगटातलं हाड हाय, अंगठ्याच्या बुडाले, काजूएवढं. काजूएवढं जी, मले तं मालूमच नव्हतं तिथं हाड असते. त्या हाडाले रगतच कमी पोचते म्हने, अन् पयल्या दिवशीच प्लास्टर बांधलं असतं तं गोष्ट वेगळी होती, आमी आलो तीन आठवड्यानं. आता जुळलं असन तं जुळलं, नाही तं कंबरेच्या हाडाचा तुकडा काढाचा, इथं बसवाचा, वरून इस्क्रू. अन् येवढं करून बी हात पयलेसारखा होईन याची हमी कोनी देत नाही.

अन् तो हात कोनाचा, तं माणिकबाईचा. तुमी अंजनगावच्या बसस्टँडजवळ कवा उतरले असान तं पाह्यला असन. शेवंतीचा हार गुंफाची ती, डोळे गिऱ्हाइकाकडं, तोंड माह्याकडं, अन् हात आपले खाली चालू, पाहाचं कामच नाही. मी मळा करतो, फुलं पिकवतो, तोडतो, पन दोऱ्यात गेल्याशिवाय फुलाले काय अर्थ हाय? तो दोरा तिच्या अंगठ्यात होता. तोच अंगठा आत हाय आता, अन् मी बाहेर.

आता तुमी म्हनान, वामनराव, येवढे दिवस तुमाले समजलं कसं नाही? तेच सांगून राहिलो ना. मी असातसा मानूस नाही. मी पायाळू हाय. म्हंजे मायच्या पोटातून पायाकडून आलो. अन् आमच्याकडं कोनाच्या कंबरेत उसन भरली, चमक भरली, वाकता येत नाही, का पायाळू मानसाकडं जाचं. डावा पाय, तीनदा, कंबरेले लावाचा, चमक गेली. जाते का नाही ते मले नोका इचारू, चाळीस वरसापासून लोक येऊन राहिले, मास्तर आले, ड्रायव्हर आले, अंगठा लावनारे आले अन् सही करनारे बी आले. अन् त्याचा नियम हाय. पेशंटनं उठल्याबरोबर याचं, तोंड न धुता, कोनाशी न बोलता. माह्या दारात पालथं पडाचं. मी पाय लावतो, मी बी बोलत नाही. मंग उठाचं अन् मुक्यानंच घरी जाचं. बोललं का गुन गेला.

काय म्हनता, कंबरेले पट्टा बांधेल काका? तुमची बी कंबर? नाही जी, इथं नोका, डॉक्टरीनबाईनं पाह्यलं तं मले गेटाच्या बाहेर काढन.

पन तुमी इचार करा, चाळीस वरीस ज्या मानसानं दुखनंवाले पाह्यले, अन् ज्याचा एक बी पेशंट कवा बोलला नाही, त्याले "दुखते का" असं इचाराची सवय लागन तं कशी लागन?

तं झालं असं. दसऱ्याच्या आदला दिवस. अकोटच्या एका दुकानाले शेवंती पोचवाची होती, मी फटफटीवर, मागं माणिकबाई, तिच्या मांडीवर चादरीत बांधेल शेवंतीचं गाठोडं. रस्त्याचं काम चालू, जिकडंतिकडं गिट्टी, खडीच खडी. अन् कुठून तं एक बकरी आली मधात. मी ब्रेक मारला. बकरी गेली आपल्या रस्त्यानं, फटफटी गेली तिच्या रस्त्यानं, अन् आमी दोघं खाली. माहा पॅन्ट फाटला, गुडघ्याचं साल निघालं, रगत आलं, अन् रगत म्हंजे कसं, थोडं असलं तरी लाल असते ना जी, लोक धावले. कोनी पानी देते, कोनी रुमाल बांधते, कोनी म्हनते झोपवा यायले, कोनी म्हनते बसवा. एका मानसानं तिले बी इचारलं, नाही म्हनत नाही, इचारलं त्यानं, "ताई, तुमाले लागलं का?" अन् मी, गिट्टीत बसेल, गुडघा धरेल, मी म्हनलं, "तिले काही नाही झालं, ती गाठोड्यावर पडली."

ती गाठोड्यावर नव्हती पडली जी. पडता पडता गाठोडं तिनं डाव्या हातानं वर धरलं, अन् उजवा हात गिट्टीवर टेकला. एक पाकळी नाही मोडली. मी तवा पाह्यलं होतं, फुलं साबूत हाय. फुलं पाह्यली मी.

मंग काय, घरी आलो, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, गुडघ्याले ही येवढी पट्टी, अन् मानसाची रीघ लागली. पायाळू वामनरावाच्याच पायाले लागलं म्हनल्यावर कोन नाही येनार? सुंदराबाई आली, पार्बताबाई आली, आळीतले सारे आले, अन् मी खाटेवर, पाय उशीवर, सांगून राहिलो, बकरी कशी आली, ब्रेक कसा लागला, पाचव्या मानसापर्यंत त्या बकरीची म्हैस झाली होती. अन् दर मानसामागं चहा. कोन करे? माणिकबाई. मले आता आठवते, चहा बशीत सांडून येत होता. तवा आठवत नव्हतं. तवा मी म्हनलं, "काय वं, ध्यान कुठं हाय तुहं?"

तिसऱ्या दिवशी ती माह्याजवळ आली, हात पुढं केला, अन् म्हने, "जरा भरून आल्यासारखा वाटते." येवढंच. मी पाह्यलं. रगत नाही. फूट नाही. सूज म्हनाल तं उन्हानं येते तेवढी. मी म्हनलं, मुका मार हाय. आंबेहळद लाव, जाईन दोन दिवसात. लावली तिनं. नाही गेला. तं दुसऱ्या दिवशी सकाळी म्या काय केलं, सांगाची लाज वाटते, पन आता सांगतो... तिचा हात उंबरठ्यावर ठेवाले लावला अन् पाय लावला. तीनदा. कंबरेचा परवाना मनगटाले वापरला म्या. अन् माह्या पायात काही फुलं नाही भरेल, मानसाचाच पाय हाय, वजन हाय त्याले. ती बोलली नाही. बोलन कशी? नियमच हाय ना. डोळ्यात पानी आलं तिच्या, म्या पाह्यलं, अन् म्या काय समजलो मालूम हाय? मले वाटलं, गुन येऊन राह्यला.

मंग घरात खिचडी सुरू झाली. रोज खिचडी. सकाळी खिचडी, संध्याकाळी खिचडी. आमच्या घरी भाकर लागते जी, ज्वारीची, पातळ, फुगेल, तिच्या हातची. म्या आठ दिवस काढले, नवव्या दिवशी ताट सरकवलं, म्हनलं, मानूस दुखनाईत हाय म्हनून रोज खिचडी खाऊ घालतं का? तं तिनं केली भाकर. एका बाजूनं जाड, एका बाजूनं पातळ, मधात चिरेल. खाता खाता मी हासलो, म्हनलं, हे काय वं, अकोला जिल्ह्याचा नकाशा काढला का? ती बी हासली. भाकर थापाले तळहात लागते, मनगट लागते, ते मले आता मालूम हाय, दहा आठवड्यापासून मीच थापतो. माह्या भाकरीचा तं कोनता बी जिल्हा होत नाही.

अन् हार? हार चालूच होते. दातात दोरा धरे, डाव्या हातानं फूल सरकवे, अन् गाठ दातानं मारे. म्या इचारलं, असं काहून? म्हने, लवकर होते. अन् मी मानलं, मले तं खरंच वाटलं का लवकर होत असन. मानसाले जे सोयीचं असते ते लवकर खरं वाटते.

येवढ्यात दिवाळी आली. फराळ इकत आनला, म्या म्हनलं, काहून? म्हने, यंदा कंटाळा आला. तीस वरसात तिले कवा कंटाळा नाही आला अन् यंदा आला, तरी माह्या डोस्क्यात उजेड नाही. भाऊबीजेच्या दिवशी मोनाली आली सासरहून, समोरचे नबीभाई आले. नबीभाईचं गादीघर हाय आमच्या समोर, कापूस पिंजून गाद्या भरते, चांगला मानूस, दिवाळीले ते येते अन् ईदले आमी जातो. तं माणिकबाईनं चहा आनला अन् नबीभाईच्या पुढं कप धरला. डाव्या हातानं. मोनालीच्या देखत, पाहुन्याच्या पुढं, डावा हात! मी खाटेवरून ओरडलो, "डाव्या हातानं देते का वं कोनाले? समज हाय का नाही?" ती दचकली बिचारी. कप उजव्या हातात घेतला. अन् घेतल्याबरोबर हातातून सुटला, अन् कप कुठं पडला, तं माह्या गुडघ्यावर. नवीन साल आलं होतं जी तिथं, गुलाबी, अन् त्यावर गरम चहा. मी जो बोंबललो... मोनाली धावली, सुंदराबाई तिकडून धावली, कोनी पानी, कोनी फडकं, गुडघा, गुडघा, गुडघा.

एकटा नबीभाई नाही धावला. त्याची नजर तिच्या हातावर. म्हने, "वामनराव, घुटना बाद में. भाभीनं वीस बरसात मले कवा उल्ट्या हातानं चाय दिली नाही. बात काय हाय?" अन् तिच्याकडं वळून, लय हळू, "भाभी, हात में तकलीफ है क्या?"

तीन आठवड्यानं. सख्ख्या नवऱ्यानं नाही, गादीवाल्यानं इचारलं. अन् ती तिथंच खाली बसली, पदर तोंडाले लावला, अन् मान हालवली. हो म्हनून.

दुसऱ्याच दिवशी इथं आनलं. याच बाईनं फोटो पाह्यला अन् तिले इचारलं, "मावशी, तीन आठवडे एवढं दुखत असताना सांगितलं का नाही घरी?" तं माणिकबाई काय म्हनली मालूम हाय? तक्रार नाही, राग नाही, जशी फुलाचा भाव सांगते तशी सांगितली. म्हने, "ह्यायचं दुखनं सरू देत होती. घरात एका वक्ती एकच दुखनं पुरते ना, बाई."

म्या तवापासून तेच घोकून राहिलो. बसमधी, मळ्यात, भाकर थापता थापता. माह्या दुखन्यानं येवढी जागा घेतली घरात, का तिच्या दुखन्याले बसाले पाट नाही भेटला. अन् माहं दुखनं काय होतं? साल निघालं होतं जी. लहान पोट्ट्यायचं निघते खेळता खेळता, ते उठून पुन्हा खेळते. मी तीन आठवडे उशीवर पाय ठेवून बसलो, अन् मोडेल हाताची बाई मले चहा देत होती. मले शरम वाटते. हे असं अनोळखी मानसाले सांगता येते, तिले नाही सांगता येत अजून.

तवापासून हार मीच गुंफतो. ती शेजारी बसते, गळ्यात हात लटकवेल, अन् पाह्यते. माहा हार पाहून गिऱ्हाईक म्हनते, काका, फुलं सुट्टीच द्या. संक्रांत दोन दिवसावर हाय, बायायले गजरे लागतीन, अन् मी बसलो इथं... किती नंबर झाला? सतरा? तिचा सोळा होता. म्हंजे फोटो निंगाला असन. तुमी काही आयकलं का जी आतून? सिस्टरबाई काही बोलली का, ऑपरेशन म्हनून? नाही ना? माहे कान आज नुसते दारालेच लागेल हाय.

थांबा. आली. आली पाहा.

काय म्हनता, डॉक्टरीनबाई? हो, मी उभाच हाय. हो, मी गप्प हाय. जुळलं? हाड जुळलं? ऑपरेशन नाही? कंबरेचं हाड नाही काढाचं?... बसू द्या जी मले जरा, तुमची जागा द्या, आता बसतो मी. जुळलं म्हनते. मनगट आखडलं हाय, हात बारीक झाला, पाहा कसा झाला, उन्हात ठेवेल दोडक्यासारखा, पन जुळलं.

अं? मी काय कराचं? रोज सकाळ-संध्याकाळ कोमट पान्यात हात ठेवाचा, अन् मी तिचं मनगट हळूहळू वाकवाचं, मागं अन् पुढं. हातानं. हो जी, हातानंच, पायानं नाही, हिनं ते बी सांगितलं वाटते तुमाले. किती वाकवाचं? दुखेपर्यंत. अन् ती दुखते म्हनली का तिथंच थांबाचं, एक इंच पुढं नाही, एक इंच मागं नाही, नाही तं हार गुंफाचे इसरा. अन् ती दुखते म्हनलीच नाही तं? ... तं "काका, विचारायचं," म्हनते.

आयकलं का, पट्टेवाले काका? सारा इलाज येवढाच हाय. तिनं सांगाचं अन् म्या आयकाचं. दोघायले बी सवय नाही.

ये वं, बस इथं. दे हात. हे पाहा, येवढंसं वाकवतो.

दुखते का?

...थांबा, कोनी बोलू नोका. मी बी नाही बोलत. तिले बोलू द्या.

...

दुखते म्हनते! आयकलं का जी? दुखते. तीस वरसात पयल्यांदा आयकलं म्या. चांगलं झालं, माय, लय चांगलं झालं. सांगत जा अशीच. अजून कुठं दुखते?

कंबर?

कंबर दुखते? तुही? कवापासून? ... मोनालीच्या वक्तापासून? म्हंजे सव्वीस वरीस? म्हंजे साऱ्या तालुक्याच्या कंबरा माह्या दारात पालथ्या पडत होत्या, अन् तू आत, एक हात कंबरेवर ठेवून, त्यायच्यासाठी चहा मांडत होती? मंग सांगितलं काहून नाही वं मले?

...

काय म्हनते मालूम हाय? म्हनते, तुमीच तं सांगितलं होतं... बोललं का गुन जाते.

चाल, ऊठ. थैली राहू दे, मी घेतो. बस अकोटवरून जाते, दोन-अडीच तास लागतीन अंजनगावले. बोल तू. गुन तं कवाचाच गेला हाय.